शाळा सुटतानाची वीस मिनिटे: शाळेतील वाहनतळ आणि वाहतूक सुरक्षेचे नियोजन

सकाळचे सत्र सुटण्याची आणि दुपारचे सत्र भरण्याची वेळ एकच असलेल्या कोणत्याही शाळेसमोर दुपारी बाराच्या सुमारास उभे राहिले, तर एकच चित्र दिसते. प्रवेशद्वारात अडकलेली व्हॅन, तिच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा, रस्त्याच्या मधोमध दुचाकी उभी करून मुलाला हाक मारणारी आई, आणि या सगळ्यांच्या फटीतून पाठीवर दप्तर घेऊन वाट काढणारी दुसरी-तिसरीतली मुले. पालकसभेत या विषयावर बोलणे निघाले की पहिले वाक्य ठरलेले असते: "आपल्याकडे पार्किंगला जागाच नाही." पालक प्रतिनिधी म्हणून शाळेच्या परिवहन समितीत काम करताना पहिले काही महिने मीही हेच म्हणत होतो. पुढे वही घेऊन दाराशी उभा राहू लागलो, तेव्हा लक्षात आले की तोच रस्ता साडेबारानंतर जवळजवळ रिकामा असतो. जागा कमी आहे हे खरे असले, तरी मूळ अडचण वेळेची आहे. दिवसभरातील दोन किंवा तीन वेळची वीस-वीस मिनिटे नीट हाताळता आली, तर बहुतेक शाळांना नवा वाहनतळ बांधावा लागत नाही. पुढील सर्व पायऱ्या याच अनुभवावर बेतलेल्या आहेत.

समिती कागदावरून मैदानात आणणे

महाराष्ट्रात शालेय बसच्या सुरक्षिततेसाठी २०११ साली स्वतंत्र नियम करण्यात आले आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे अपेक्षित आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, आणि पालक-शिक्षक संघ, पोलीस, मोटार वाहन विभाग, शिक्षण विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था व बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. अनेक ठिकाणी ही समिती फलकावर नावे लिहिण्यापुरती असते. ती जिवंत करण्याचा साधा उपाय असा की तिची पहिली बैठक कार्यालयात चहा-बिस्किटांसह न घेता शाळा सुटण्याच्या वेळी प्रवेशद्वाराशी उभ्याने घ्यावी. पंधरा मिनिटांत जे दिसते, ते दोन तासांच्या चर्चेत कळत नाही.

नियमातील सदस्यांखेरीज आणखी चार माणसांना निमंत्रित म्हणून बोलवावे: शाळेचा पहारेकरी, रिक्षावाल्या काकांपैकी सगळे ज्यांचे ऐकतात असे एक काका, समोरच्या सोसायटीचे सचिव आणि कोपऱ्यावरचा दुकानदार. रस्ता नेमका कशामुळे अडतो हे पहारेकऱ्याला मुख्याध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक असते. सोसायटीच्या सचिवांना आधीच विश्वासात घेतले नाही, तर तुमच्या आराखड्याविरुद्धचा पहिला अर्ज त्यांच्याच सहीने जाईल, हेही लक्षात ठेवावे.

मोजणी

मोजणीशिवाय केलेला आराखडा हा अंदाज असतो, आणि सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या पालकाचा अंदाज त्यात हमखास जिंकतो. म्हणून एक आठवडा केवळ मोजण्यासाठी द्यावा. सोमवार टाळून मधल्या वारांपैकी दोन दिवस, शनिवारची सकाळची शाळा, आणि जमल्यास पावसाचा एक दिवस, इतके पुरते. पावसाच्या दिवशी एरवी चालत येणारी कितीतरी मुले वाहनाने येतात. म्हणून त्या दिवसाची मोजणी सोडून केलेला आराखडा जुलैत कोलमडतो.

प्रत्येक दारावर दोन माणसे असावीत. वहीत पाच-पाच मिनिटांच्या ओळी आणि पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, व्हॅन, बस, मोटार असे रकाने आखून घ्यावेत. घंटेच्या आधी अर्ध्या तासापासून नंतर अर्ध्या तासापर्यंत नोंद करावी. दुसऱ्या माणसाने दर पाचव्या वाहनावर घड्याळ लावून ते किती वेळ थांबले ते लिहावे. हा थांबण्याचा वेळ पुढच्या सगळ्या गणिताचा पाया आहे. यासोबत प्रत्येक वर्गात हात वर करायला सांगून कोण कसे येते हेही विचारून घ्यावे. वर्गशिक्षकांना त्याला दोन मिनिटे लागतात.

आकड्यांच्या शेजारी शेरे लिहायला एक कोरी पट्टी सोडावी, कारण खरे शिकायला मिळते ते तिथे. माझ्या वहीतल्या दोन नोंदी सांगतो. एक आजोबा रोज शाळा सुटण्याच्या पंचवीस मिनिटे आधी येऊन बरोबर दारासमोर दुचाकी लावत आणि तिच्यावरच बसून राहत. त्यांच्यामागे दुसरे, त्यांच्यामागे तिसरे, अशी रांग तयार होई आणि सुटायच्या वेळेला बससाठी जागाच उरत नसे. त्यांना विचारल्यावर ते म्हणाले, "दाराशी झाडाची सावली आहे, बाकी कुठे बसू?" शंभर पावलांवर, शाळेच्याच भिंतीलगत, एक छप्पर आणि दोन बाक टाकल्यावर ती रांग आपोआप तिकडे सरकली, "येथे वाहन लावू नये" या फलकाने ते दोन वर्षांत साधले नव्हते. दुसरी नोंद एका व्हॅनची आहे. ती रस्त्याच्या डाव्या कडेला नीट उभी राहत असे, पण डावीकडे गटाराच्या झाकणाजवळ पाणी साचलेले असल्याने काका उजवीकडचे सरकते दार उघडत आणि रेनकोट घातलेली मुले थेट वाहत्या रस्त्यावर उतरत. दोष वरवर काकांचा दिसतो; दुरुस्ती मात्र गटाराच्या झाकणाची करावी लागली.

नकाशा आणि टेप

आता एका मोठ्या कागदावर शाळेचे आवार आणि दोन्ही बाजूंचा निदान दोनशे मीटर रस्ता काढावा. रस्त्याची रुंदी डोळ्यांनी न ठरवता टेपने मोजावी आणि ती मोकळी किती आहे ते लिहावे. विजेचा खांब, डीपी (वीजवितरणाची पेटी), झाडाचा पार, भाजीची गाडी, बसथांबा, वळणावरची भिंत, सारे काही नकाशावर यावे. मुलाच्या उंचीवरून काय दिसते हेही एकदा खाली बसून पाहावे, कारण पहिलीतल्या मुलाचे डोके मोठ्या मोटारीच्या बॉनेटच्या जेमतेम वर येते आणि रांगेत लावलेल्या दोन मोटारींमधून बाहेर पडणारे मूल चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

नऊ मीटरचा रस्ता घेतला, तर दोन्ही कडांना मोटारी लागल्यावर मधे चार-साडेचार मीटर उरतात. समोरासमोर आलेल्या दोन व्हॅन तिथे अडकतात आणि मुले त्यांच्या मधून चालतात. त्याच रस्त्यावर एका बाजूचे पार्किंग बंद केले की चित्र बदलते. म्हणून नकाशावर "किती वाहने मावतील" हा प्रश्न विचारण्याआधी "कोणत्या बाजूला एकही वाहन नको" हा विचारावा.

आवारातील जागेसाठी शाळेच्या इमारतीचा मंजूर नकाशा काढून पाहावा. राज्याच्या २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत आणि तिच्या आधीच्या स्थानिक नियमावल्यांतही शाळांसाठी वाहनतळाची तरतूद आहे. मंजूर नकाशात दाखवलेल्या वाहनतळावर आज मोडक्या बाकांचा ढीग, पत्र्याची शेड किंवा कॅन्टीनची कोठी उभी असल्याचे अनेकदा आढळते. नवी जागा मागण्यापूर्वी ही जागा मोकळी करणे शाळेच्या हातात असते.

जागेचा हिशेब करताना एका मोटारीला २.५ मीटर बाय ५ मीटर आणि दुचाकीला १ मीटर बाय २ मीटर धरावे. वाहन आत-बाहेर करण्यासाठीची मधली वाट मिळवली की एका मोटारीमागे सुमारे २५ चौरस मीटर जागा खर्ची पडते. म्हणजे दहा शिक्षकांनी मोटारी आणल्या, तर एक छोटे खेळाचे मैदान गेले. कोणाची मोटार आत येणार हे ज्येष्ठतेवर ठरवण्यापेक्षा दोघे-तिघे मिळून येणाऱ्यांना आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांना आधी जागा द्यावी, असे माझे मत आहे. ते सर्वांना आवडणार नाही, हे मान्य आहे.

पायी येणाऱ्यांचे दार

संपूर्ण आराखड्यातील एकच गोष्ट करता येणार असेल, तर ती ही करावी: चालणारी मुले आणि चाके यांची वाट वेगळी ठेवावी. शाळेला दोन दारे असतील, तर एक कायमचे पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी राखावे, आणि त्या दारासमोर दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंत कोणतेही वाहन उभे राहणार नाही अशी व्यवस्था करावी. दुसरे दार अनेक शाळांत असते, पण "तिकडे लक्ष द्यायला माणूस नाही" म्हणून त्याला कुलूप असते. फक्त त्या वीस मिनिटांसाठी एक शिपाई तिथे देणे हा नवा वाहनतळ बांधण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे.

दारापासून पुढे पदपथ असावा आणि त्यावर भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे निदान १.८ मीटर रुंदी मोकळी मिळावी. मोकळी याचा अर्थ खांब, फलक, कुंड्या आणि दुचाक्या वगळून उरलेली. पदपथ नसेल, तर आवाराच्या भिंतीलगत आतून चालण्याची पट्टी आखून तिला कठडा किंवा साखळी लावावी. दाराची झडप नेहमी आत उघडावी. बाहेर उघडणारी झडप गर्दीला रस्त्यावर ढकलते.

एकच दार असलेल्या शाळेने जागेऐवजी वेळ विभागावी. सुटल्यावर पहिली दहा मिनिटे फक्त चालणारी मुले बाहेर पडतील, तोपर्यंत आतले एकही वाहन सुरू होणार नाही आणि दारावरची साखळी लावलेली राहील. शिक्षकांच्या गाड्यांनाही हाच नियम लावावा: पहिल्या घंटेच्या वीस मिनिटे आधी आत, आणि शेवटचे मूल गेल्यावर बाहेर. सकाळी मैदान रिकामे असतानाच गाडी मागे घेऊन लावायची, म्हणजे दुपारी मुले असताना ती सरळ पुढे निघेल. आवारात मुले असताना कोणतेही वाहन रिव्हर्स घेणार नाही, हा नियम मुख्याध्यापकांच्या गाडीपासून दूधवाल्याच्या टेम्पोपर्यंत सर्वांना सारखा असावा.

मुले उतरवण्याच्या जागेचे गणित

वाहनतळ आणि मुले उतरवण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. उतरवण्याच्या जागी वाहन सेकंदांपुरते थांबते. वाहनतळावर ते लावून माणूस निघून जातो.

समजा, एका वाहनाला थांबून मूल उतरवायला ४० सेकंद लागतात. मग एका थांब्यावर १५ मिनिटांत २२ वाहने होतात, आणि ओळीने पाच थांबे आखले तर ११०. प्रत्यक्षात पुढचे वाहन रेंगाळले की मागची चारही अडकतात, म्हणून यातला दोन तृतीयांश भाग, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वाहने, हाती धरावीत. आता तेच वाहन दोन मिनिटे थांबू लागले, तर प्रत्येक थांब्यावर १५ मिनिटांत जेमतेम सात वाहने होतात. पाच थांब्यांवर ३५. त्यांतही अडकण्याची तूट धरली, तर मोजणीत ६० मोटारी आल्या असतील, त्या शाळेसमोर रांग लागणारच. एका मोटारीला रांगेत सहा मीटर लागतात. तीस मोटारी खोळंबल्या की रांग १८० मीटर होते आणि ती मुख्य चौकात शिरते.

म्हणजे जागा वाढवण्यापेक्षा थांबण्याचा वेळ कमी करण्यात फायदा जास्त आहे. तो वेळ कशात जातो? बहुतेक वेळा दप्तर डिकीत असते. पालक उतरतात, डिकी उघडतात, दप्तर पाठीवर चढवतात, पाण्याची बाटली गळ्यात अडकवतात, आणि मग डबा घरी राहिल्याचे लक्षात येते. म्हणून सूचना अगदी नेमक्या असाव्यात: दप्तर मुलाच्या मांडीवर, मूल डाव्या दाराकडे, चालक जागेवरून उठणार नाही, आणि रांगेतली पुढची रिकामी जागा आधी भरायची. दार उघडून मुलाला उतरवून घ्यायला पहिले काही आठवडे शिक्षक किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी पदपथावर उभे राहिले, तर ही सवय लवकर लागते.

बालवाडीच्या मुलांना मात्र हा नियम लावू नये. त्यांना हाताला धरून वर्गापर्यंत न्यावेच लागते, त्यामुळे त्यांच्या पालकांसाठी थोडी लांब पण सुरक्षित जागा ठरवून तिथून चालत येण्यास सांगावे आणि त्यांची वेळ मोठ्यांपेक्षा अर्धा तास नंतर ठेवावी. जवळच्या मंगल कार्यालयाचे किंवा देवळाचे पटांगण सकाळच्या वेळी रिकामे असते. लेखी परवानगी मागितली, तर ते बहुधा मिळते.

बस, व्हॅन आणि रिक्षा

बसगाड्या शक्यतो आवारातच याव्यात. आपल्याकडे बसचे दार डाव्या बाजूला असते, त्यामुळे आवारात फेरी घालताना मुले उतरण्याची बाजू बसच्या डावीकडे येईल अशीच दिशा ठरवावी. हे सांगणे उगाच वाटेल, पण उलट दिशेने फिरणाऱ्या बसमधून उतरलेली मुले बसच्या पुढून वळसा घालून इमारतीकडे धावताना पाहिली, की त्याचे महत्त्व कळते. बस आत वळू शकते का हे कागदावर ठरवू नये. सुटीच्या दिवशी एक बस प्रत्यक्ष फिरवून चाकांच्या वाटेवर चुन्याने रेघ मारावी.

सुटताना बसगाड्या क्रमांकाने एका ओळीत लावून ठेवाव्यात, मुलांनी वर्गातून मार्गनिहाय रांगेत यावे, आणि सर्व मुले बसल्यावर, परिचराने खाली उतरून पुढे-मागे पाहिल्यावर, सर्व बसगाड्या एकापाठोपाठ निघाव्यात. एखादी बस ओळ मोडून आधी निघाली की चढणारी मुले तिच्या वाटेत येतात.

व्हॅन आणि रिक्षा यांच्याबाबत शाळा "ती व्यवस्था पालकांनी केलेली आहे" असे सांगून हात झटकते. कायदेशीर जबाबदारीचा वाद बाजूला ठेवला, तरी ती वाहने आपल्याच दाराशी थांबतात. म्हणून प्रत्येकाचा वाहन क्रमांक, चालकाचे नाव व भ्रमणध्वनी, परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि बसणाऱ्या मुलांची यादी शाळेत असावी, आणि तिची एक प्रत पहारेकऱ्याकडे. वर्षातून दोनदा समितीतील मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून कागद व आसनसंख्या तपासून घ्यावी. पुढच्या सीटवर चालकाच्या शेजारी दोन-तीन मुले बसवणे आणि दप्तरे बाहेर लटकवणे, या दोन गोष्टी दाराशीच थांबवाव्यात. काकांशी बोलताना आवाज चढवू नये. ते पंधरा-पंधरा वर्षे याच शाळेची मुले ने-आण करत असतात आणि थांबण्याची पक्की जागा आखून मिळाली की शिस्त तेच पाळवून घेतात.

रस्त्यावर काय मागायचे आणि कोणाकडे

आवाराबाहेरचा रस्ता शाळेचा नसतो, त्यामुळे तिथे स्वतःहून गतिरोधक टाकणे किंवा दगड मांडणे योग्य नाही. शहरात पदपथ, गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि फलक यांसाठी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या पथ विभागाकडे, आणि नो-पार्किंग, एकदिशा मार्ग व ठरावीक वेळेपुरती वाहनबंदी यांसाठी वाहतूक पोलीस शाखेकडे अर्ज करावा. रस्ता राज्य मार्ग असेल, तर सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि गावातील अंतर्गत रस्ता असेल, तर ग्रामपंचायत किंवा जिल्हा परिषद. रस्ता नेमका कोणाचा हे आधी विचारून घेतले नाही, तर अर्ज सहा महिने टेबलावरून टेबलावर फिरतो.

"समस्या गंभीर असून योग्य ती कार्यवाही व्हावी" असे पत्र देऊ नये. मोजणीचा तक्ता, नकाशा आणि चार छायाचित्रे जोडून नेमकी मागणी लिहावी: अमुक खांबापासून अमुक दारापर्यंत, दक्षिणेकडील बाजूस, सकाळी ६.४५ ते ७.२० आणि दुपारी ११.५० ते १२.४० या वेळेत नो-पार्किंग. दिवसभराची बंदी मागितली, तर दुकानदार विरोध करतील आणि तो रास्तही असेल. सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ पार्किंग आधीच असेल, तर शाळेकडील बाजू त्यातून वगळावी असा अर्ज करावा. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार शैक्षणिक संस्थेच्या प्रवेशद्वाराजवळ वाहन उभे करण्यास मनाई आहेच, त्याचा उल्लेख पत्रात असावा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये शाळेभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो; हॉर्नच्या त्रासासाठी तो आधार घ्यावा.

गतिरोधक मागताना मोजमापही मागावे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून सुखरूप जावे अशी त्याची रचना असते. गल्लोगल्ली दिसणारा डांबराचा आखूड, उंच उंचवटा दुचाकीवरच्या मुलाला उडवतो आणि बसचा तळ घासतो. तसा गतिरोधक नसलेला बरा. गतिरोधकाच्या आधी पांढरे पट्टे आणि सूचनाफलक हवाच.

वेग का कमी हवा, हे पालकांना समजावताना एकच हिशेब पुरतो. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात सुमारे ८ मीटर पुढे जाते आणि ताशी ५० ची सुमारे १४ मीटर. ब्रेक लागल्यावर थांबण्यासाठी लागणारे अंतर याहून वेगळे.

झेब्रा पट्टे आणि इतर आखणी मे महिन्यात पूर्ण करून घ्यावी. जूनमध्ये ओल्या डांबरावर मारलेला रंग शाळा सुरू होऊन महिना व्हायच्या आत निघून जातो.

वेळा बदलणे

यासाठी एक रुपयाही लागत नाही, आणि तरीही हा उपाय शेवटी आठवतो. सकाळचे सत्र सुटणे आणि दुपारचे भरणे यांत निदान २५ मिनिटांचे अंतर ठेवावे. एकाच सत्रातही प्राथमिक व माध्यमिक वर्ग दहा मिनिटांच्या फरकाने सोडावेत. आक्षेप येतो तो भावंडांचा: धाकटी आधी सुटली, थोरला नंतर, तर पालकांनी दोन फेऱ्या मारायच्या का? अशा मुलांची यादी करून धाकट्यांना ग्रंथालयात किंवा सभागृहात शिक्षिकेसोबत थांबवावे. बसच्या वेळापत्रकाशी हा बदल आधी जुळवून घ्यावा, नाहीतर दहा मिनिटांचा फरक बसमध्ये बसून वाट पाहण्यातच जातो.

पालक आणि मोठे विद्यार्थी

पालकांना पाठवायची सूचना एका पानाची असावी आणि तिच्यात नकाशा असावा. भाषा थेट ठेवावी: "मोटारीने येणाऱ्या पालकांनी उत्तरेकडून यावे व दक्षिणेकडे जावे. दार क्रमांक २ समोर वाहन थांबवू नये. मुलास डाव्या बाजूनेच उतरवावे. वाट पाहायची असल्यास छपराखालील बाकांवर बसावे." कारणमीमांसा पालकसभेत तोंडी सांगावी. "मी दोनच मिनिटे थांबलो" असे म्हणणारे पालक रोज भेटतील. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना एक आठवडा स्वयंसेवक म्हणून दाराशी उभे राहण्याची विनंती करावी. यापेक्षा परिणामकारक उपाय मला सापडलेला नाही.

हेल्मेटचा नियम चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे, म्हणजे मागे बसलेल्या मुलालाही. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलासाठी सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची कमाल मर्यादा असा केंद्रीय नियम आहे. आईच्या पुढे उभे राहून हँडल धरलेले मूल कितीही गोड दिसले, तरी अचानक ब्रेक लागल्यावर सर्वांत आधी तेच फेकले जाते.

नववी-दहावीतील मुले स्कूटर घेऊन येतात आणि शाळेची बंदी असल्याने ती शेजारच्या गल्लीत लावतात, हे सर्वांना ठाऊक असते. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ही शेवटची तरतूद मुलांना दंडापेक्षा जास्त लागते. ती वर्गात वाचून दाखवावी. बंदी घालताना सायकलींसाठी छप्पर असलेली आणि कुलूप लावता येईल अशी जागा शाळेने द्यायलाच हवी.

आरएसपीच्या, म्हणजे शाळेतील रस्ता सुरक्षा पथकाच्या (रोड सेफ्टी पेट्रोल), विद्यार्थ्यांना दाराशी उभे करण्याची पद्धत चांगली आहे, पण एक मर्यादा पाळावी. विद्यार्थी पदपथावर उभा राहून मुलांची रांग थोपवेल. वाहने थांबवण्यासाठी रस्त्यात उतरणारी व्यक्ती प्रौढच असावी, अंगात चमकणारे जाकीट आणि हातात "थांबा" फलक घेतलेली.

चाचणी, नोंद आणि वेगळे दिवस

आराखडा शाळा उघडते त्या आठवड्यात सुरू करू नये. नवे पालक, नव्या वह्या आणि रडणारी बालवाडी यांतच तो बुडून जातो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात दोन आठवड्यांची चाचणी घ्यावी, कोन आणि दोरीने तात्पुरती आखणी करावी, आणि पहिल्याच पद्धतीने पुन्हा मोजणी करावी. रांग किती कमी झाली, थांबण्याचा वेळ किती घटला, हे आकडे समितीपुढे आले की पक्के रंगकाम आणि कठडे यांवर खर्च करायला व्यवस्थापन तयार होते. चाचणीत एखादी कल्पना फसेल. आमच्याकडे उतरवण्याची जागा आधी दाराच्या पुढे आखली होती आणि मुले उतरून उलट दिशेने, वाहनांच्या रांगेला लागून, मागे चालत येऊ लागली. ती जागा दाराच्या अलीकडे आणावी लागली.

पहारेकऱ्याकडे एक वही कायम असावी, "थोडक्यात बचावले" या नोंदींची. तारीख, वेळ, जागा आणि दोन ओळी, इतकेच. एकाच जागेचे नाव महिन्यात तीनदा आले, की पुढच्या बैठकीत तिथे जाऊन उभे राहायचे. अपघात झालाच, तर १०८ ला कोणी दूरध्वनी करायचा, जखमी मुलाजवळ कोणी थांबायचे आणि बाकीच्या मुलांना आत कोणी घ्यायचे, हे नावानिशी ठरलेले असावे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबाची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखून ती कधीही अडवू देऊ नये.

स्नेहसंमेलन, पालकसभा, दहावी-बारावीच्या परीक्षेचे केंद्र, निवडणुकीचे मतदान, या दिवशी नेहमीचा आराखडा चालत नाही. गणेशोत्सवात मंडपामुळे रस्ता अर्धा होतो, तेव्हा मंडळाच्या कार्यकर्त्यांना महिनाभर आधी भेटून मंडप शाळेच्या दारापासून थोडा सरकवता येतो का ते पाहावे. अशा प्रत्येक दिवसासाठी अर्ध्या पानाची वेगळी सूचना तयार ठेवावी आणि तिच्यात मागच्या दाराची किल्ली त्या दिवशी कोणाकडे असेल, हे नाव घालून लिहावे. गेल्या स्नेहसंमेलनाला आमचे सगळे नियोजन पक्के होते. फक्त ती किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात होती.